बाळूनं धुतलेली गाडी

सगळ्यात आधी आक्का आल्या. चहा नाही, पाणी नाही, म्हणल्या आधी गाडीचं बॉनेट उघडा.

आज आमच्या मालकांना, माझ्या नवऱ्याला, जाऊन वर्ष झालं.

आक्का म्हणजे मालकांची मोठी बहीण, लातूरची. खुब्याचं हाड मोडल्यापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. भावाच्या मातीलाही येता आलं नाही. आज वॉकर घेऊन नांदेडला आल्या. मला इतका आनंद झाला की भाजीत मीठ दोनदा पडलं. जेवून गेले त्यांनी माफ करावं.

(मला लिहायला फार येत नाही. नातीनं फोनमधे बोलून लिहायचं शिकवलंय. मी बोलते, फोन लिहितो. चुकलं तर फोनचं चुकलं. लई हुशार आहे माझी नात, पण तिचं नंतर कधी.)

आक्कांच्या मागून कंधारचे अहमदभाई आले. ते अन् मालक जवानीपासून नांदेड-लातूर गाड्या चालवायचे. तेही घरात न येता थेट गाडीपाशी.

बॉनेट उघडलं तर आत लख्ख.

हाव, मीच पुसते. मालकांनी शिकवलं, तेही खाटेवर पडून.

मागल्या वर्षी डॉक्टर म्हणले, घरी न्या, आता आमच्या हातात काही न्हाई. घरी आल्यावर मालकांनी एकच धरलं. लातूरला जायचं, आक्काला बघायचं, आपल्या गाडीतून जायचं.

आक्का येऊ शकत नव्हत्या. मालक उशी लावली तर बसू शकत होते. चालवायला अहमदभाई तयार होते.

पण आम्ही दवाखान्यात असताना गाडी नुसती उभी. इंजनावर उंदरांनी संसार मांडलेला. चिंध्या, भुईमुगाची टरफलं, माझ्या हरवलेल्या ब्लाउजपीसचा तुकडासुद्धा तिथंच निघाला.

मग ह्यांची खाट पडवीत आणली अन् मी पदर खोचून बॉनेटमधे वाकले.

"आधी बॅटरीची वायर काढ. फ्यूजच्या डब्याला पिशवी बांध. ब्रश साबणात बुडव, झटक, मग लाव. पाणी ओतायचं न्हाई. ओल्या फडक्यानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं."

सकाळी मी मालकांचं अंग असंच पुसायचे. ओलं फडकं, मागून कोरडं. तेव्हा डोळे मिटून गप पडायचे.

दुपारी गाडी पुसताना मात्र ओरडायचे. कोपरा राहिला, कोपरा राहिला.

अर्धं काम झालं होतं. एका दुपारी मालकांचा डोळा लागला अन् मी आत पेज करायला गेले.

तेवढ्यात आमचा बाळू ड्यूटीवरून आला. बाळू म्हणजे माझा थोरला. ह्या वयात आई वाकून घासायली, हे त्याला बघवत नव्हतं. त्यानं पाण्याची मोटार लावली, पाइप धरला, अन् पोळ्याला बैल धुतेत तशी गाडी आतून धुऊन काढली. लहानपणी गावाकडं उमरीला आजोबासंगं बैल धुतलेलं पोरगं ते. मायेनं धुतली. फ्यूजला पिशवी बांधायची असती, हे त्याला कोण सांगणार.

गाडी चालू झाली नाही.

अहमदभाई आले, वाकून बघितलं, म्हणले वायरींच्या सॉकेटात पाणी गेलंय, सारखी चावी मारू नका, वाळू द्या.

भादव्याचे दिवस. ऊनच पडंना.

नातीनं केसाचा ड्रायर आणून इंजनाला लावला. गल्ली हसली. मालक हसले. त्यांचं तेवढंच हसणं मला आठवतंय, त्यानंतरचं आठवत न्हाई.

बाळू म्हणला, भाड्याची गाडी आणतो.

मालक म्हणले, "वाळू दे. वाळली की निघू."

रोज उठले की विचारायचे, ऊन पडलं का.

मग एका सकाळी ऊन पडलं. त्या सकाळी त्यांनी विचारलं न्हाई.

तेरावं झाल्यावर अहमदभाईंनी चावी मारली. पहिल्या झटक्यात चालू.

बाळू उठून आत गेला. वर्षभर त्यानं गाडीला हात लावला न्हाई. आक्कांचा फोन आला की मोटारसायकल काढून बाहेर जायचा. मी काही बोलले की म्हणायचा, आई, राहू दे.

आज आक्कांनीच हाक मारली. बाळू पाण्याच्या टाकीमागं उभा होता. पुढं आला अन् सगळ्यांसमोर बोलला.

"आत्या, माझ्यामुळं राहिलं. मी पाइप लावला नसता तर ते तुला भेटले असते."

आक्का म्हणल्या, "मला म्हाईत हाय. बापूचा फोन आलता."

बापू म्हणजे मालक. आक्का त्यांना बापूच म्हणायच्या.

"काय म्हणले?" बाळूनं विचारलं.

"म्हणला, आक्का, बाळूनं गाडी धुतली. आजवर कधी हात लावला नव्हता पोरानं. चकाचक केली. वाळली की निघतो. तेच तेच सांगत होता. मी म्हणलं, बापू, कळलं की आता."

आक्कांनी वॉकर बॉनेटकडं वळवला.

"म्हणून तर आल्या आल्या उघडायला लावलं. तू धुतलेली गाडी बघायची होती."

बाळू चाकाला टेकून खालीच बसला. बापाच्या मातीला रडला नव्हता ते आज रडला. मी रडू दिलं.

लातूरची भेट राहिली ती राहिलीच. ते मी गोड करून सांगणार न्हाई. आक्कांनी वाट बघितली, ह्यांनी उन्हाची वाट बघितली, अन् माणूस गेला.

(हे सगळ्यांना वाचायला बाळूला विचारूनच टाकायले. म्हणला, टाक.)

मग अहमदभाईंनी बॅटरीची वायर काढली. बाळूनं माझ्याकडं फडकं मागितलं. मी म्हणलं, आधी पिशवी बांध.

तो पुसायला लागला अन् आक्का खुर्चीवरून ओरडायल्या. कोपरा राहिला, कोपरा राहिला.

मालक, तुम्हाला माझा नमस्कार. जिथं असाल तिथं कोरड्यात राहा, उन्हात बसा.

मागल्या दसऱ्याला सुतकाच्या घरात गाडीला साधं हळदकुंकू लागलं न्हाई. औंदा पूजा करून आक्का पुढच्या सीटवर बसणार म्हणे, अहमदभाई चालवणार.

दसऱ्याला येतो म्हणून गेलेत दोघं.