मंगळवारचं वरण

माझी नोकरी भाव विचारण्याची होती. सरकारी खात्यातला मी एक साधा कर्मचारी. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या जिनसांचे भाव विचारायचे, छापील तक्त्यात भरायचे आणि कचेरीत नेऊन द्यायचे. तांदूळ, गहू, तुरीची डाळ, सरसोंचं तेल, गूळ, रॉकेल, जळाऊ लाकूड, कपड्यांचा साबण. मजुरी करून पोट भरणारं कुटुंब जे जे विकत घेतं, ते सगळं त्या यादीत होतं.

बांगलादेशची लढाई होऊन गेली त्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. भाव असे चढत होते की एका दुकानात लिहिलेला आकडा मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत जुना व्हायचा. दुकानदार मला पाहिलं की हसायचे. “आइए बाबूजी, लिखिए, लिखिए. लेना-देना तो कुछ है नहीं.” मीही हसायचो.

मंगळवारी माझी फेरी काशीतल्या चौकातून विश्वेश्वरगंजापर्यंत असे. त्या दिवशी दुपारी मी दूधविनायक गल्लीत ताईकडे जेवायला जात असे.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि अठराव्या वर्षी ती कपाळ पुसून आमच्याकडे परत आली. पुढे दोन वर्षांत आई गेली, मग वडील गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वडील लोकांच्या घरी जाऊन मुलांना संस्कृत शिकवायचे. त्यांच्या मागे आम्हाला उरली ती भाड्याची एक खोली आणि दोन ट्रंका पुस्तकं. पुस्तकं ताईने विकली नाहीत. तिने चौकातल्या एका साडीवाल्याच्या गद्दीवरून, म्हणजे पेढीवरून, काम आणायला सुरुवात केली. विणून आलेल्या बनारसी साडीच्या उलट्या बाजूला जरीची आणि रेशमाची सुटी सुतं लोंबत असतात. ती कात्रीने एकेक करून कापायची. कात्री जरा खोल गेली की साडीला भोक, आणि भोक पडलं की साडीची किंमत कापून घेत. त्या सुतांवर तिने मला बी.ए. केलं.

माझं लग्न झालं तेव्हा मी लांब, लहरताऱ्याकडे दोन खोल्या घेतल्या. ताईला म्हटलं, चल आमच्याबरोबर. ती म्हणाली, “गद्दी इथून दहा पावलांवर आहे. रोज तिकडून कशी येऊ? आणि ही खोली सोडली तर या भाड्यात पुन्हा मिळायची नाही. उद्या तुझी बदली झाली म्हणजे?” बायकोने आग्रह केला. तिलाही तेच उत्तर मिळालं. दोन मुली झाल्यावर आमचाच पगार महिन्याच्या विसाव्या तारखेला संपू लागला, तेव्हा आमचा आग्रहही पातळ झाला.

मंगळवारी मात्र मी यायचो. ताई पाट मांडून ठेवायची. भात, वरण, वर तुपाचे दोन थेंब, एखादी भाजी, दोन पोळ्या. आईसारखं वरण बायकोलाही जमत नसे, ते ताईला जमे. ती समोर बसून वाढायची आणि बोलायची. “तू पण बैस की,” म्हटलं तर म्हणे, “तू जेव. मी मागाहून.” बोलता बोलता कळायचं की आता सोमवारबरोबर गुरुवारचाही उपास धरलाय. मग शनिवार आला. चतुर्थी, एकादशी, प्रदोष होतेच. मी थट्टा करायचो, “ताई, काशीतले सगळे देव तुझ्याच भरवशावर आहेत.” ती म्हणायची, “असू देत. माझं काय जातं?”

दिवाळीला ती आमच्याकडे आली होती. ती गेल्यावर बायको म्हणाली, “वन्सं फार खंगल्यात हो. हातांच्या नुसत्या काड्या झाल्यात.”

“उपास किती करते बघतेस ना,” मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती भांडी आवरायला लागली.

त्या दिवाळीनंतरच्या थंडीतली गोष्ट. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी जे वाण्याचं दुकान होतं, ते माझ्या यादीतलंच. नेहमीप्रमाणे मी तुरीचा भाव विचारला, “अरहर क्या भाव?” त्याने भाव सांगितला. मी लिहू लागलो, तसा तो म्हणाला, “दाम तो लिख लीजिए बाबूजी, पर लेता कौन है? अब आपकी बहिनजी को ही देखिए. हर मंगल की सुबह आती हैं, बस सौ ग्राम. हमने कहा भी, बहिनजी, महीने भर का एक साथ ले जाइए, दाम अभी और चढ़ेगा. बोलीं, मंगल को ही काम पड़ता है.”

मी भाव लिहिला. शेजारच्या रकान्यात गुळाचा भावही लिहिला. मग तक्ता पिशवीत घातला आणि ताईच्या जिन्याने वर गेलो.

पाट मांडलेला होता. वरणाची वाटी काठोकाठ भरलेली होती.

“ताई, आज माझ्याबरोबर बैस.”

“मागाहून बसते रे. भात गार होतोय, जेव.”

मी जेवलो. वाटी पुसून रिकामी केली. काही उरलं असतं तर तिने विचारलं असतं, बिघडलं का वरण आज? हात धुताना ती म्हणाली, “भूक चांगली लागलेली दिसते तुला.” मी मान हलवली.

शुक्रवारी कचेरीतून लवकर निघालो आणि न सांगता तिच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ती खिडकीजवळ बसली होती, मांडीवर कामाची साडी नव्हती, समोर ताटली होती. शिळ्या पोळीचे तुकडे गरम पाण्यात भिजवून त्यावर मीठ घातलं होतं. मला बघताच तिने पदर ताटलीवर ओढला.

“सांगून यावं माणसानं,” ती चिडून म्हणाली.

“ताई, हे काय खातेस?”

“मला आवडतं असं.”

“ताई!”

“ओरडू नकोस. भिंतीपलीकडे ऐकू जातं.”

मी खाली बसलो. मग पदर बाजूला करून तिने एक तुकडा तोंडात घातला आणि चावत चावत सांगू लागली, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगतेय. गद्दीवर साडीमागे जे पैसे मिळायचे तेच अजून मिळतायत, मी कॉलेजात होतो तेव्हापासून. एकदा तिने वाढवून मागितले होते. मुनीम म्हणाला, “काम चाहिए तो इसी रेट पर लीजिए.” तिने घेतलं. आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून साड्याही कमी होतात. पूर्वी अंधार पडेपर्यंत काम चाले, आता दुपार कलली की दिवा लावावा लागतो, आणि रॉकेलची रांग किती मोठी असते ते तर तू बघतोसच. भाडं चुकवता येत नाही. आधी दूध सोडलं. मग स्वतःपुरती तुरीची डाळ सोडून वाटाण्याची आणायला सुरुवात केली. तीही महागली. मग भाजी. “पोळी आहे ना,” ती म्हणाली. “लोकांना पोळी मिळत नाही.”

“आणि ते उपास?”

“अरे, उपास म्हटलं की शेजारणी विचारत नाहीत. चूल का पेटली नाही, म्हणून.”

“मला का नाही सांगितलंस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट मलाच काही कळत नाही याची कीव होती. “तुला काय सांगायचं बाळ? भाव तर तूच लिहितोस.”

त्यानंतर मी दर मंगळवारी पिशवीतून डाळ, तांदूळ, थोडा गूळ घेऊन जाऊ लागलो. पैसे तिने घेतले नसते. जिन्नस ठेवून घेऊ लागली, तेव्हा मला वाटलं, चला, मानलं तिने. एका रविवारी ती दूधविनायकहून चालत चालत लहरताऱ्याला आली. रिक्षाचे पैसे वाचवून. हातात फडक्याचं गाठोडं होतं. बायकोने ते सोडलं तर आत मी दिलेली डाळ, मी दिलेला गूळ.

“वन्सं, हे तुमच्यासाठी होतं.”

“पोरी वाढत्या आहेत,” ताई म्हणाली. “मला आता कुठे वाढायचंय?”

बायको तिथेच भिंतीला टेकून रडू लागली. मुलींना वाटलं दोघींचं भांडण झालं.

माघात तिला खोकला लागला. माघ संपला, फाल्गुन आला, खोकला गेला नाही. सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. तरुण डॉक्टर होता, फोटो उजेडात धरून त्याने बराच वेळ पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. क्षय होता. दोन्ही बाजूंनी. “दवा हम दे देंगे,” तो म्हणाला, “पर इस शरीर में दवा टिकेगी कैसे? पहले इनको खिलाइए.”

मी तिला घरी आणलं. खोली सोडून द्यावी लागली. घरमालकाने त्याच आठवड्यात नवं कुलूप लावलं.

आमच्या दोन खोल्यांपैकी आतली तिला दिली. मुलींना तिच्याजवळ जायची मनाई होती. तिचं ताट, वाटी, पेला वेगळा. बायकोने शेजारणीकडून हातउसने पैसे घेऊन अर्धा शेर दूध लावलं. रोज वरण करायची, तूप घालायची, आणि उंबऱ्यावर बसून म्हणायची, “वन्सं, एवढं घ्याच.” पण आता ताईला गिळवत नव्हतं. इतकी वर्षं आतड्याला सवय लावली होती, ती एकाएकी कशी मोडणार? दोन घास खाऊन ती ताट सरकवायची आणि मुलींकडे बोट दाखवायची.

पहिल्या दिवशी बायकोने ते उष्टं उचलून बाहेर टाकलं. ताईने खाटेवरून पाहिलं.

“टाकलंस?”

“वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्या ताटातलं कुणाला द्यायचं नाही.”

“गाईला?”

“गाईलाही नको म्हणाले.”

ताईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा मी लहान होतो, आई-वडील गेले तेव्हा ती माझ्यासाठी सावरून होती. त्या दिवशी ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. “वाटीभर वरण टाकलं गं,” ती सारखी म्हणत राहिली. “वाटीभर वरण.”

दुसऱ्या दिवसापासून ती ताटात काही ठेवीना. डोळे मिटून, पाण्याबरोबर ढकलून, सगळं संपवायची. आम्हाला बरं वाटलं. बायको म्हणाली, “आता अंगी लागेल बघा.” पण थोड्या वेळाने आतून आवाज यायचा आणि सगळं उलटून पडलेलं असायचं. ती पुसायला स्वतः उठायची. मी धरायला गेलो की म्हणायची, “लांब हो. तुला पोरी आहेत.”

शेवटी मीच बायकोला सांगितलं, चार चमचे वाढत जा. चार चमचे ती खात असे. नवव्या वर्षापासून मला वाढणाऱ्या बाईला मी चार चमचे मोजून द्यायला सांगितलं.

जेठ महिन्याच्या उन्हात ती गेली. सकाळी. मी दाढी करत होतो. बायकोने हाक मारली ती मला ऐकूच आली नाही, नळाला पाणी आलं होतं. मणिकर्णिकेवर लाकूडवाल्याने मणाचा भाव सांगितला. दिवसभर लोकांना भाव विचारणारा मी, मला “काही कमी करा” एवढंही म्हणता आलं नाही. माझ्याबरोबर आलेल्या शेजाऱ्याने घासाघीस केली. मी शिंदे घाटाच्या बाजूला पायरीवर बसून राहिलो.

एक गोष्ट आहे, ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. वाण्याने मला सांगितलं त्याच्या सहा-सात महिने आधी, अशाच एका मंगळवारी, जेवताना मीठ हवं होतं म्हणून मी स्वतः उठून फळीवरचा डबा काढला. चुकीचा डबा होता. उघडला तर रिकामा. शेजारचा उघडला, तोही रिकामा. तिसऱ्याला हात लावला, तो उचलतानाच हलका लागला. ताई खाली नळावर गेली होती. मला तेव्हाच कळलं. कळलं नाही असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो, पण कळलं होतं. महिन्याची अखेर होती, मोठीची फी भरायची होती. विचारलं असतं तर काही करावं लागलं असतं. मी डबे होते तसे लावून ठेवले आणि पाटावर येऊन बसलो. ताई वर आली आणि म्हणाली, “मीठ हवं होतं का रे?” मी म्हटलं, “नाही.”

ती गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी महागाई भत्त्याची वाढ मंजूर झाली. आमच्यासारख्यांनी गावोगावी लिहिलेल्या भावांचाच तो हिशेब होता. भाव चढले म्हणून पगार चढला, आमचा. मागल्या महिन्यांची थकबाकी एकदम हातात आली. मी पाकीट बायकोच्या हातात दिलं. तिने ते उघडलं नाही. दोन दिवस ते देवांपुढे पडून होतं. मग शाळा उघडायची वेळ आली आणि ते उघडावंच लागलं.

मुलींना बूट घ्यायला आम्ही चौघं गोदौलियाच्या बाजारात गेलो. मोठीचे मुद्दाम एक नंबर मोठे घेतले, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून. पुढच्या वर्षी ते किती महाग होतील ते माझ्याइतकं कुणाला माहीत? ती तिथूनच ते घालून निघाली. दर दहा पावलांवर तिचा पाय बुटातून बाहेर येत होता आणि ती खाली वाकत होती. गर्दीत मागे राहत होती. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी तिच्यावर ओरडलो, भर रस्त्यात, असा की लोक थांबून पाहू लागले. ती रडायला लागली. तिच्या आईने तिला कडेला घेतलं, खाली बसून बुटांच्या पुढे फडक्याच्या घड्या कोंबल्या, नाड्या घट्ट बांधल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चला.”