अण्णांच्या ताटावरचा हात

दिवाळीच्या सुट्टीत एकदा चायनीज खायला जायचं, हा आमच्या घरचा नेम होता. फराळाचं गोड खाऊन खाऊन जीभ मेलेली असायची, आणि ब्रिगेड रोडमागच्या त्या हॉटेलातलं गोबी मंचुरियन आम्हा दोघी बहिणींना लाडू-चकल्यांपेक्षा कितीतरी प्रिय होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, आत शिरता शिरताच वेटरला बजावत, "अंडं नको, कढई वेगळी." वेटर गंभीरपणे मान हलवायचा. कढई एकच असणार हे आम्हाला ठाऊक होतं, आणि बहुधा अण्णांनाही.

त्या वर्षी मात्र जायची कुणालाच हौस नव्हती. माझी थोरली बहीण, अक्का, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करत होती. तिथल्याच एका मल्याळी ख्रिश्चन मुलाशी लग्न करायचंय, असं तिने महिन्यापूर्वी घरात सांगितलं. अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तिच्या हातचं खाणं बंद केलं. तिने ठेवलेल्या चहावर साय धरायची, तरी कप जागचा हलत नसे. आमच्या घरात मोठ्या गोष्टी कधी बोलून ठरल्या नाहीत. कोण कुणाच्या हातचं घेतं, त्यावरून काय ते समजून घ्यायचं.

हॉटेलात जायचा घाट आईने घातला. तिथे दरवर्षी अक्काच सगळ्यांना वाढायची. "भात पानात पडला की ते चित्राहुती घालणार," आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मग काही झालं तरी ताट टाकून उठायचे नाहीत. एकदा हिच्या हातचं पोटात गेलं की सगळं सरी होईल, नीट होईल." एवढ्या मिनतवाऱ्या कशाला, असं मी म्हणाले आणि बोलणी खाल्ली.

संध्याकाळी सातला आम्ही चौघं टेबलाशी बसलो. फ्राइड राइस आला. अक्काने चमच्याकडे हात नेला, तोच अण्णांनी वेटरला खूण केली. "स्वल्प वाढ बाबा," म्हणाले. त्याने वाढलं. अण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि फ्राइड राइसच्या चिमूटचिमूट चित्राहुती टेबलक्लॉथवर मांडल्या. एरवी हे बघून मी लाजेने मान खाली घालायची. त्या दिवशी मला संताप आला.

मग मंचुरियन आलं. अक्का बाउल घेऊन उभी राहिली. तिने मला वाढलं, आईला वाढलं आणि ती अण्णांकडे वळली. अण्णांनी ताटावर हात आडवा धरला.

"वेटरच्या हातचं चालतं, आणि हिच्या हातचं नाही?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

"तू गप्प जेव," अण्णा म्हणाले.

आईने टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं. अक्का जागची हलली नाही. भरलेल्या चमच्यातून थेंबभर रस अण्णांच्या बोटांवर गळला, तरी त्यांनी हात हलवला नाही. आता ही बाउल ठेवणार, बाहेर पडणार आणि परत घरी येणार नाही, असं मला वाटलं. मी अतिशय घाबरले होते.

"अण्णा, हात काढा," ती म्हणाली. "गार होतंय."

अण्णांनी हात काढून घेतला. "वाढ," म्हणाले. तिने दोन तुकडे घातले. "आणखी," ते म्हणाले. बाउल संपेपर्यंत ते आणखी, आणखी म्हणत राहिले. त्यांना तिखट सोसत नसे. कान लालबुंद झाले, कपाळावर घाम आला, पण त्यांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. आई पदर डोळ्यांना लावून चारचौघांत रडली. परतताना रिक्षात अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

अण्णांचा होकार मिळाला, असंच आम्ही तिघी धरून चाललो. आई लग्नाच्या साड्यांबद्दल बोलायची आणि ते ऐकून घ्यायचे. त्या धांदलीत चहा-जेवण आईच बघायची, त्यामुळे अक्काच्या हातचं त्यांच्यापुढे ठेवायची वेळ पुन्हा आली नाही. रजिस्टर लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही नटूनथटून बाहेर आलो, तर अण्णा घरातल्याच कपड्यांत पेपर वाचत बसले होते. चला ना, उशीर होतोय, असं आई म्हणाली.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "तिच्या हातचं शेवटचं जेवून घेतलं ना मी त्या दिवशी. तुम्हाला काय वाटलं?"