दगड टांगलेला माग

सासरे गेल्यावर तीन महिन्यांनी सासूबाई सिंगापूरला आल्या. भिंगारच्या घराला कुलूप लावून नवऱ्याने त्यांना चोआ चू कांगच्या आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. मी सकाळी ऑफिसला निघायचे तेव्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या आणि संध्याकाळी परतले तरी तिथेच. जेवलात का? हो. बरं वाटतंय का? हो. देवळात जाऊ या का? तू म्हणशील तसं. यापेक्षा भांडणारी सासू परवडली असती, असं मी एकदा फोनवर बहिणीला म्हणाले, आणि मग दिवसभर मला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

त्याच सुमारास वन-नॉर्थला, आमच्या ऑफिसपासून पाच मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये व्हायकिंग लोकांचं प्रदर्शन येणार होतं. माहिती सांगायला स्वयंसेवक हवेत अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये लावलेली होती. शाळेत इतिहास माझा आवडता विषय. पुढे मी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात वीस वर्षं घालवली ती गोष्ट वेगळी. मी नाव दिलं. प्रशिक्षणाला चार शनिवार गेले.

व्हायकिंग म्हणजे शिंगांची शिरस्त्राणं आणि हातात कुऱ्हाड, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी शिंगं गेली. तशी शिरस्त्राणं कुठल्या थडग्यात सापडलेलीच नाहीत म्हणे. लुटालूट करणारे होते, गुलाम धरून विकणारेही होते, ते कोणी लपवलं नाही. पण बहुतेक लोक शेतकरी. जव पेरायचे, मेंढ्या पाळायचे, मासे वाळवून ठेवायचे. लांबच लांब घर, छपरावर गवताची ढेपळं, मधोमध जाळ, आणि थंडीत एका टोकाला गुरं बांधलेली. त्या घरांमध्ये भिंतीला टेकून माग उभा असायचा. समुद्र ओलांडणाऱ्या त्या प्रसिद्ध जहाजांची शिडं लोकरीची असत, आणि ती विणायला जहाज बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागे. विणायच्या बायका.

प्रदर्शनात तसा एक माग होता, नवा बनवलेला, मुलांना हात लावून बघता यावा म्हणून. दोन उभे खांब भिंतीला टेकवलेले आणि वर एक आडवा दांडा. उभे धागे, म्हणजे ताणा, त्या दांड्यावरून खाली लोंबतात आणि ते ताणलेले राहावेत म्हणून त्यांच्या टोकांना भोकाचे दगड बांधतात. कापड वरून खाली विणत यायचं. मागाबरोबर नॉर्वेहून एक विणकर बाई आल्या होत्या, पण प्रवासात त्यांना ताप भरला आणि त्या हॉटेलात पडून राहिल्या. मग मी आणि आणखी एका स्वयंसेविकेने, कागदावरच्या आकृत्या बघत, माग उभा केला. आम्हाला तो फार छान वाटला.

पहिल्या शनिवारी नवरा जकार्ताला होता आणि मुलगी शाळेच्या कॅम्पला. सासूबाईंना घरी एकटं कसं ठेवायचं? मी त्यांना बरोबर घेतलं. दोनदा एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलून आम्ही वन-नॉर्थला पोचलो. हॉलमध्ये त्यांना एका बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि मी शाळेच्या मुलांच्या घोळक्याकडे गेले.

माझं बोलणं अर्ध्यावर आलं असेल. मुलं माझ्याकडे बघेनाशी झाली. मागे वळून पाहिलं तर सासूबाई मागापाशी उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. एक दगड तळहातावर घेऊन त्या तो वर-खाली करत होत्या.

"आई, अहो, त्याला हात..." म्हणेपर्यंत मला आठवलं, की हा हात लावायचाच माग आहे.

"हे कोणी बांधलंय गं?"

"मीच बांधलंय."

"ताणा ढिला आहे तुझा. हा दगड जड, त्याला धागे कमी. तो हलका, त्याला मूठभर. कापड वाकडं जाणार." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी गाठ सोडली.

सासूबाई विणकराच्या घरातल्या हे मला लग्नापासून माहीत होतं. पण ते माहीत असणं म्हणजे अमक्याची बदली तमक्या गावी झाली होती, तसं. भिंगारला त्यांच्याकडे जमिनीत खणलेला माग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचं. बाकीच्या घरांत मागावर पुरुष बसत आणि बायका धाग्याच्या कांड्या भरत. सासरे पोस्टात नोकरीला, म्हणून माग सासूबाईंनीच चालवला. त्यांनी विणलेली लुगडी नगरच्या बाजारात जायची. हे सगळं नवऱ्याने मला कधीतरी दोन वाक्यांत सांगितलं होतं.

त्या दिवशी त्यांनी सगळे दगड सोडले, हातावर जोखून ओळीने लावले आणि पुन्हा बांधले. जड दगडाला जास्त धागे, हलक्याला कमी. मुलं जमिनीवर बसून बघत राहिली. एकीने विचारलं, "आँटी, युअर ग्रँडमदर व्हायकिंग आह?" मी भाषांतर करून सांगितलं. सासूबाई हसल्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांना बाकीचं प्रदर्शन दाखवलं. तलवारींसमोरून त्या न थांबता गेल्या. एका काचेखाली बाईच्या थडग्यातल्या वस्तू होत्या: सूत कातायच्या चातीचं दगडी चाक, कात्री, सुया, आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून बसवायची, तलवारीसारखी दिसणारी हाडाची पट्टी.

"हे तिच्याबरोबर पुरलं होतं?"

"हो. पुढच्या जगात लागेल म्हणून."

"तिथेही विणायचंच?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बरं केलं."

शेजारी खणून काढलेल्या घराचा मोठा फोटो होता. घर जळून गेलेलं. लाकूड, लोकर, माणसं, काहीच उरलेलं नाही. फक्त मातीत एका ओळीत पडलेले भोकाचे दगड. त्या ओळीवरून कळलं की इथे माग होता आणि आग लागली तेव्हा त्यावर कापड चढवलेलं होतं. मी हे पाठ केल्यासारखं सांगत होते. सासूबाई फोटोसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या, की मी खुर्ची आणली.

"आमच्या मागाचा खड्डा राहिला असता," त्या बसत म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने बुजवला. वर फरशी घातली. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. परत आले तर घर चकचकीत, आणि माझा माग कुठे ते कोणी बोलेना."

"तुम्ही विचारलं नाही?"

"त्याला किती आनंद झाला होता. आईला फरशी घालून दिली म्हणून."

ती गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सुट्टीला त्याच घरात होते, फरशीचा रंगही मीच निवडला होता.

नवरा सोमवारी परत आला. जेवणं झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याला आधी राग आला. "आईचे गुडघे दुखायचे. मला वाटलं सुटली एकदाची." मग तो बाल्कनीत जाऊन भिंगारच्या चुलतभावाला फोन लावून बसला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. माग मोडून लाकडं शेजारच्या लग्नात चुलाण्याखाली गेली होती. फणी, धोटा, सगळं.

त्याने आईच्या पलंगाशी बसून जसंच्या तसं सांगितलं. कोणाच्या लग्नात तेसुद्धा.

"मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्याच लग्नात जेवले मी. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"चुकलं माझं, आई."

"चुकलं." त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. पण त्याचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या शनिवारी त्या माझ्याआधी तयार होऊन दारात उभ्या होत्या. नॉर्वेच्या बाई तोवर बऱ्या झाल्या होत्या. उंच, सत्तरीच्या, पांढऱ्या केसांची वेणी. त्यांच्या बेटावर असा माग त्यांच्या आजीपर्यंत चालत आलेला. त्यांनी मागाकडे पाहिलं, एकेक दगड हलवून बघितला आणि मला इंग्रजीत विचारलं, हे कोणी केलं? मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्यांनी सासूबाईंचा उजवा हात हातात घेऊन उलटा केला आणि अंगठ्याजवळचं घट्टा पडलेलं कातडं दाबून बघितलं. मग स्वतःचं तसंच कातडं दाखवलं. त्यानंतर दोघींना माझी फारशी गरज पडली नाही.

सहा शनिवार त्या दोघी शेजारी उभ्या राहून विणत होत्या. सासूबाईंना आधी सगळं उलटं वाटायचं, कारण त्यांच्या मागावर बाणा अंगाकडे ओढून बसवायचा आणि इथे वरच्या बाजूला ठोकायचा. लोकरीचा धागा त्यांना गबाळा वाटे. त्या मराठीत कुरकुर करायच्या, बाई नॉर्वेजियनमध्ये उत्तर द्यायच्या. कधी अडलं तर मला हाक.

एकदा बाई जुन्या देवांबद्दल सांगत होत्या. एका प्रचंड झाडाच्या मुळाशी तीन स्त्रिया असतात. मूल जन्मलं की त्यांनी त्याचं नशीब ठरवायचं, आणि मग देवांनाही ते बदलता येत नाही. मी हे मराठीत सांगितलं.

"सटवाई," सासूबाई लगेच म्हणाल्या. "पाचवीच्या रात्री येते, कपाळावर लिहून जाते. यांच्याकडे तिघी का?"

मी विचारलं. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, काम फार असेल. सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांच्या हातातला धागा सुटला.

प्रदर्शन संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही बाईंना पुलाउ उबीन नावाच्या जवळच्या बेटावर नेलं. सासूबाई जन्मात बोटीत बसल्या नव्हत्या. लाकडी बोट हलायला लागली तशी त्यांनी बाईंचा दंड घट्ट पकडला. दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रवास. मध्येच त्यांनी मला विचारायला लावलं, "समुद्रावर गेलेला माणूस परत नाही आला, तर त्या बायकांना कळायचं कसं?"

बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या की पुष्कळदा कळायचंच नाही. कोणी निरोप आणला तर. मग त्याची बायको त्याच्या नावाचा दगड उभा करायची आणि त्यावर कोरून घ्यायची, की हा अमक्या दिशेला गेला आणि तिकडेच राहिला. अशा दगडांवर बायकांची नावं आहेत, दगड कोणी उभा केला ते कळावं म्हणून.

"आणि यांचे मालक?" सासूबाईंनी विचारलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी गेले, बाई म्हणाल्या. मासेमारी करणारे होते, पण वारले ते अंथरुणात.

बेटावर आम्ही जुनी लाकडी घरं बघितली, नारळपाणी प्यायलो. बाईंनी सायकल भाड्याने घेतली आणि आमच्यासमोरून दोनदा घंटी वाजवत गेल्या. संध्याकाळी त्या आमच्याकडे जेवायला आल्या. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि मी घाईत केलेला शिरा.

निघताना मी त्यांची ओटी भरायचं ठरवलं होतं. इथून जाणाऱ्या पाहुणीला मी ओटी भरूनच पाठवते. नारळ, तांदूळ, खण, सगळं ताटात काढून ठेवलं होतं. ताट उचललं तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सासरे गेल्यापासून त्या अशा वेळी आपणहून आत जाऊन बसत. मी कितीदा सांगितलं असेल, ऐकत नसत.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

मी ताट दिलं. नवरा सोफ्यावरून उठून उभा राहिला. सासूबाईंनी बाईंना पाटावर बसवलं, माझ्या ओढणीचा पदर त्यांच्या मांडीवर पसरला. कुंकवाच्या करंड्याजवळ त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

"हिला विचार, चालेल का. म्हणावं, मीही तुझ्यासारखीच आहे."

मी कसंबसं समजावून सांगितलं, की आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावत नाहीत, ती दुसरीलाही लावत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळावरचे पांढरे केस दोन्ही हातांनी मागे सारून त्यांनी मान पुढे केली.

सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, नारळ आणि तांदूळ ओटीत घातले. मग बाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं.

"लाव म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.