मी सांगितलेले पांढरे दगड

पुण्याजवळच्या चिखलीहून निघालो तेव्हा कुसुमने डब्यात धपाटे बांधून घेतले होते. मालवणला मासे मिळतात म्हटले, तर म्हणाली, "मिळू द्या की. धपाटे काय वाटेत भांडणार हायेत त्यांच्याशी?" लातूर सोडून चाळीसेक वर्षे झाली, बोली तशीच.

कंपनीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर कामाला होतो, तेव्हा कंपनीच्या सहलीबरोबर मी मालवणला गेलो होतो. पाण्यात उतरून प्रवाळ पाहिले होते. घरी आल्यावर तिने विचारले, काय दिसलं? मी म्हणालो, "काही नाही. पांढरे दगड." तेव्हापासून तिला घेऊन तिथे जायचे माझ्या मनात होते. निवृत्तीनंतरही बरीच वर्षे गेली.

मालवणात उतरलो तर मे महिन्याची काहिली. सकाळी होडी केली. बंदर मागे पडले, नारळाची रांग बारीक झाली. होडीत चढताना माझी एक चप्पल पाण्यात गेली होती, ती होडीवाल्याने वल्ह्याने काढून दिली होती. खडपाजवळ (समुद्रातल्या खडकाजवळ) येताच त्याने तळाला काच बसवलेला डबा पाण्यावर धरला. "आजी, वाकून बघा."

कुसुम बराच वेळ वाकून राहिली. वर पाहिले तेव्हा तिचा चेहरा खुलला होता.

"तुम्ही म्हणले होते तसंच हाय की! पांढरे दगड. बघायचं राहिलं म्हणून मी उगंच इतकी वर्सं हळहळले."

मी डब्यात पाहिले. सगळे पांढरेफटक, राख झाल्यासारखे. माझे खोटे खरे झाले होते. गप्प राहिलो असतो तर ती सुखाने घरी आली असती.

"दगड नाय, आजी," होडीवाला म्हणाला. "जीव आसा तो. पाणी तापला आणि रंग गेलो. अजून मेलो नाय. पाणी निवला तर रंग परत येतलो."

भट्टीत लोखंड तापले की रंग चढतो. तापून रंग गेलेला मी पहिल्यांदा पाहत होतो.

"मंग आधी रंग होते?" तिने मला विचारले, त्याला नाही.

"होते," मी म्हणालो. "जांभळे, पिवळे, हिरवे. मधून निळे मासे जात होते."

परत किनाऱ्याला लागलो, खानावळीत जेवायला बसलो. सोलकढीची वाटी तिने तशीच ठेवली.

परतीच्या बसमध्ये मी उरलेले सांगितले. त्या सहलीला बायकांनाही नेत होते. तिच्या बोलण्याला साहेबांच्या बायका हसतील, म्हणून मी घरी सांगितले नाही. आणि तिला हळहळ नको, म्हणून दगड सांगितले.

घर जवळ आले, पुनावळ्याच्या इमारती दिसू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "पाणी निवलं की परत न्यायचं मला. तुमच्या साहेबांना बी संगं घ्या. माझं बोलणं ऐकू द्या त्यांना."

त्या साहेबांपैकी फारसे कोणी आता उरलेले नाही. मी अधूनमधून होडीवाल्याला फोन लावतो. कुसुम स्वयंपाकघरातून कान देऊन असते.

"निवला काय, विचारताय मा?" तो हसतो. "अजून नाय, आजोबा."

तोवर रोज संध्याकाळी ती मला रंग विचारते. मी आठवतील तेवढे सांगतो.