मोरितासानांची फायरप्लेस आणि माझा ब्रश

बिस्किटं संपवू द्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा घरात घ्याल की नाही, शंकाच आहे. असा गाढवपणा केलाय मी!

आमचं इचिकावातलं घर पाहिलंय ना तुम्ही? जुनं, दुमजली, आणि हॉलमध्ये चक्क विटांची फायरप्लेस! आता हे घर मिळालं कसं, ते विचारा. इथे जपानमध्ये परदेशी म्हटलं की घरमालक हात जोडायचे, त्यात आमच्या फोडण्यांचे वास. शेवटी शेजारच्या मोरितासानांनी, सत्तरी उलटलेल्या माणसाने, दिलं. त्यामुळे घरात एकच नियम: काहीही होवो, मोरितासान दुखावता कामा नयेत. हे घर गेलं तर दुसरं मिळणं कठीण!

पण ती फायरप्लेस! वर्षानुवर्षांची काजळी. गणपती जवळ आले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. पांढरा रंग दिला तर आयतं मखर!

"आधी विचार त्यांना," बायको म्हणाली. मुग्धा. "इथे भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते."

विचारलं ना! मोरितासान कुंड्यांना पाणी घालत होते. म्हटलं, फायरप्लेस रंगवू का? त्यांनी दातांतून 'स्स्स' करत हवा आत ओढली, हसले, आणि मान अशी एका बाजूला कलती केली.

आता तुम्हीच सांगा, मान अशी कलली की आपण काय समजतो? हो! चालेल! बिनधास्त!

तरी खात्री करून घेतली. "पांढरा देतो?" मान आणखी कलली. "याच रविवारी!" आता कान खांद्याला टेकायचा तेवढा बाकी. मनात म्हटलं, काय उत्साह आहे म्हाताऱ्याला!

विटा रंग पितात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक हात दिला, गुलाबी. दुसरा दिला, तरी गुलाबी. अख्खा रविवार गेला, कंबर गेली, केसांत रंग गेला, तेव्हा कुठे ती बया पांढरी झाली. आणि मी शहाणा, कौतुक करून घ्यायला मोरितासानांना स्वतः बोलावून आणलं!

ते दारातच थबकले. स्स्स. मान कलती.

"बघ, आवडली!" मी मुग्धाला मराठीत म्हणालो.

"अरे, गप्प बस! त्यांचा चेहरा बघ. इथे मान अशी करतात ती तोंडावर 'नाही' म्हणवत नसलं की. नाही म्हणाले होते ते तुला!"

"कधी?"

"तू विचारलंस तेव्हा प्रत्येक वेळी! मान अशीच कलली होती ना?"

मोरितासान हळूच म्हणाले, "या विटा माझ्या वडिलांनी रचल्या होत्या."

काय वाटलं असेल मला! कमरेत वाकलो तो वर यायचं धाडसच होईना. तसाच वाकून म्हणालो, घासून काढतो, वायर ब्रश आणतो, पाहिजे तर घर सोडतो.

त्यांनी विटांवरून हात फिरवला. "घासू नका. रंगाबरोबर वीटही निघेल. आणि घर कशाला सोडता? फक्त पुढच्या वेळी, मी तोंडाने 'हो' म्हणेपर्यंत डबा उघडू नका."

बिचारे आयुष्यात पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोलले असावेत. ती वेळ माझ्यामुळे आली.

मग मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, त्या भल्या माणसाने विषय बदलला. "तुम्ही ऑफिसात नक्की काय काम करता?"

मी छताकडे बघायला लागलो. उत्तर मुग्धाने दिलं, अस्खलित जपानीत.

"जपानी क्लायंटच्या मनात काय आहे ते ओळखून हा पुण्याच्या टीमला समजावून सांगतो. फार अचूक ओळखतो म्हणून यंदा प्रमोशनही दिलंय त्याला."