मानेवरची गाठ आणि गावाची बोटं

उन्हाळ्यात माझ्या मानेवर, कानाच्या खाली, बोराएवढी गाठ आली आणि खुटबावात मी एकदम महत्त्वाचा माणूस झालो. एरवी कुरकुंभच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेल्या माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. आता जो तो यायचा, न विचारता गाठ दाबायचा, निदान सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. कुणाच्या मते ती उष्णतेची, कुणाच्या मते उशी बदलल्याची. एकानं तर हळद-चुन्याचा लेपही थापला.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र गाठीत सुई घालून तपासायला सांगितलं होतं. मला जेवण जात नव्हतं. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं, पण टीव्हीवर तंबाखूची जाहिरात लागली की बायको चॅनेल बदलायची.

सुईला सगळ्यात मोठा विरोध आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे चुलते, सोसायटीचे माजी चेअरमन, भर वैशाखातही गळ्यातला मफलर न काढणारे. "गाठीला सुई लावायची न्हाई. खवळती, आन् अंगभर पसरती," असा त्यांनी ठराव मांडला आणि पारावरच्या मंडळींनी तो एकमतानं मंजूर केला. गाठ माझी होती, पण मला मत नव्हतं.

शेवटी बायकोनंच मला गाडीवर मागं बसवून दौंडला नेलं. बाईंनी आधी लेप धुवायला लावला.

"सुईनं पसरत तर नाही ना?" मी विचारलं.

"नाही. उशीर केला तर मात्र वाढतं."

इंजेक्शनसारखीच बारीक सुई, दोन-चारदा आतबाहेर, मग काचपट्टीवर पुसटसा थेंब. एवढ्यासाठी अख्खं गाव आडवं आलं होतं.

रिपोर्टमध्ये टीबी निघाला, गोळ्यांनी बरा होणारा. मी आनंदानं रडलो. गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही, हेही बाईंनी सांगितलं. गावानं फक्त टीबी ऐकलं. गाठ दाबून गेलेले सगळे आता रस्त्यापलीकडूनच तब्येत विचारू लागले.

एकटे आप्पा आले आणि खाटेवर खेटून बसले. ठराव मोडला म्हणून बोलतील असं वाटलं. ते नुसते मफलरशी चाळा करत राहिले.

"सुई लई दुखती का रं?"

"मुंगी चावल्यागत, आप्पा."

त्यांनी मफलर सोडला. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

"कवापास्नं हाय?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

माझा हात आपोआप दाबायला पुढं गेला. त्यांनी तो धरला.

"तू नको दाबू," ते म्हणाले. "मला दौंडला घेऊन चल."