रूपरावांच्या मोटारीतलं मीठ

आंजीचे रूपराव पालक-वांगी पिकवत, पण त्यांचा खरा जीव समजावून सांगण्यात. कंदील का भडकतो, दूध का नासतं, हे ऐकल्याशिवाय त्यांच्या दारातून कुणाची सुटका नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी जुनी मोटार घेतली आणि गावावर नवा विषय कोसळला. ओल्या पोत्यांतला भाजीपाला वर्ध्याला नेताना काचांवर आतून वाफ धरायची. रूपरावांनी काचेला साबण चोळला, तंबाखू चोळली, चिरलेला बटाटासुद्धा चोळला. शेवटी इलाज सापडला. जाडं मीठ तव्यावर कोरडं करायचं, फडक्यात बांधायचं आणि मोटारीच्या कोपऱ्यात ठेवायचं. "मीठ हवेतली ओल पिऊन घेते," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले.

त्यांच्या मुलीची, कोकिळेची, दोन स्थळं या भाषणांना कंटाळूनच परत गेली, असं त्यांच्या बायकोचं, चतुराबाईंचं मत होतं. मुलगी पाहायला येणाऱ्या सिंदीच्या पाहुण्यांना आणायला रूपराव निघाले, तेव्हा त्यांनी नवऱ्याला बजावलं, "रस्त्यानं काईच समजावून सांगू नका. पोरीकडं पाहा जरा."

कडाक्याची थंडी होती. मुलाची आई शकुबाई कानाला शाल गुंडाळून मागे बसल्या, शेजारी मुलगा ओमप्रकाश. "वारं लागते, काचा लावा," शकुबाई म्हणाल्या. सेलूच्या पुढे त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. उचलून पाहतात तो लाल फडकं, आत मीठ. त्यांचं तोंडच उतरलं.

"आमच्यावर काई करणी करून राह्यले का तुमी?"

एवढं लांबलचक उत्तर जिभेवर असताना रूपराव "नाई जी" एवढंच म्हणाले, आणि त्यामुळे संशय आणखी बळावला. शकुबाईंनी पुरचुंडी बाहेर भिरकावली, काच लावली आणि मोठमोठ्यानं देवाचा धावा सुरू केला. बंद मोटारीत तो धावा थेट काचांवर जाऊन बसला. पुढचं काही दिसेना, तेव्हा रूपरावांनी मोटार थांबवली.

शकुबाईंनी पांढऱ्या काचा पाहिल्या आणि घाबरून खालीच उतरल्या. "पुरचुंडी गेली आन् हे आलं. करणी नाई, राखण होती ते. ओमप्रकाश, पळ, घेऊन ये."

तो फर्लांगभर मागे धावला. दोन्ही दारं सताड उघडी होती, गार वारा आतून खेळत होता. पुरचुंडी आली तोवर काचा लख्ख झाल्या होत्या. शकुबाईंनी हात जोडले.

रूपरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काचा वाऱ्यानं निवळल्या होत्या, मिठाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. मीठ ओल पिते हे खरं, पण काचांचं श्रेय इतकी वर्षं आपण उगाच त्याला दिलं, याचं त्यांना वाईट वाटलं, पण खरं कारण सापडल्याचा आनंद त्याहून मोठा होता. ते सांगायला वळले, तोच शकुबाई म्हणाल्या, "ज्या घरी एवढी राखण, तिथली पोरगी आमाले चालते."

रूपरावांनी तोंड मिटलं. फार कष्टानं मिटलं.

लग्नानंतर शकुबाईंनी तीच पुरचुंडी मागून घेतली आणि सिंदीच्या घराच्या चौकटीला टांगली. पावसाळ्यात रूपराव लेकीला भेटायला गेले, तेव्हा ओल पिऊन तट्ट झालेल्या पुरचुंडीतून पाणी टपकत होतं.

"पाह्यलं का, व्याही," शकुबाई म्हणाल्या, "घरावरचं सारं स्वतःवर घेऊन रडून राह्यली बिचारी."

रूपरावांनी घसा खाकरला. दारात कोकिळा श्वास रोखून उभी होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि आणखी एक कप चहा मागितला.